कक्षतापमानमीमांसा अथवा प्रश्न क्रमांक त्रेसष्टवरील हरकत

प्रस्तुत ग्रंथाचे निमित्त सव्वा गुण हे आहे. सव्वा हा आकडा आपल्याकडे शुभ. सव्वा रुपया ठेवल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. पण सराव परीक्षेत तोच आकडा वजा झाला की त्याची शुभता पटकन लक्षात येत नाही. माझा भाचा गेली तीन वर्षे छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. एप्रिलमधल्या एका दुपारी त्याच्या क्लासने शंभर प्रश्नांचा सराव पेपर घेतला. त्यातला त्रेसष्टावा प्रश्न असा : ‘कॅल्शिअम ब्रोमाइड हे संयुग कक्ष तापमानाला कोणत्या अवस्थेत असते?’ पर्याय चार : स्थायू, द्रव, वायू, यांपैकी नाही. भाच्याने दुसरा गोल काळा केला. संध्याकाळी उत्तरतालिका लागली, तीत पहिला पर्याय होता. एक गुण हुकला, पाव गुण चुकीबद्दल कापला गेला, एकूण सव्वा.

क्लासची रीत अशी की उत्तरतालिकेवर तीन दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकतीच्या छापील नमुन्यात ‘सविस्तर कारण’ या शब्दांखाली चार रेघा मारलेल्या आहेत. त्या चार रेघांत हा विषय मावत नाही हे पाहून मी ‘सोबत पुरवणी जोडली आहे’ एवढेच लिहिले आणि पुरवणीला बसलो.

‘मामा, सोडून द्या,’ भाचा म्हणाला. ‘एका मार्कासाठी काय लिहायलात एवढं?’

मी त्याला सांगितले की आपल्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळते याचे आख्खे कोष्टक छापतात. त्या मानाने हा विषय पुष्कळच गंभीर आहे.

वादाचा जुना नियम असा की आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला जमले नसते इतके चांगले मांडावे आणि मग ते खोडावे. म्हणून पूर्वपक्ष. कॅल्शिअम हा धातू. हम्फ्री डेव्हीने तो १८०८ मध्ये वेगळा काढला आणि तो ८४२ अंश सेल्सिअसला वितळतो. ब्रोमीन हा अधातू. तो उणे ७ अंशांच्या आसपास गोठतो आणि ५९ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून घरीदारी तो तांबूस, वाफाळता, नाकाला झोंबणारा द्रव असतो. ‘कक्ष तापमानाला द्रव असणारा एकमेव अधातू कोणता?’ हा प्रश्न शिपायापासून उपजिल्हाधिकाऱ्यापर्यंतच्या सगळ्या परीक्षांत येऊन गेला आहे आणि पुढेही येत राहील. या दोघांचे लग्न लागले की मात्र दोघांचेही माहेरचे स्वभाव सुटतात. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होते, दोन ब्रोमीन एकेक घेतात, आणि धन-ऋण आयनांची अशी घट्ट जाळी विणली जाते की ती उसवायला सातशे अंशांच्या वर उष्णता लागते. सातशे अंश हे तापमान आमच्या शहरात मे महिन्यातही होत नाही. सबब, स्थायू.

पूर्वपक्ष भक्कम आहे, हे मान्य. त्याहून अवघड कबुली अशी की भाच्याने दुसरा पर्याय निवडण्यामागचे कारण साफ चुकीचे होते. ‘नावात ब्रोमीन आहे ना, आणि ब्रोमीन द्रव असतं,’ असे तो म्हणाला. या न्यायाने मीठ वायुरूप ठरेल, कारण त्याच्या नावात क्लोरीन आहे, आणि भाजीत ते चिमटीने न टाकता फुंकून टाकावे लागेल. पण माणूस चुकीच्या रिक्षात बसूनही योग्य चौकात उतरू शकतो. तो कोणत्या रिक्षाने आला हे परीक्षेत कोणी विचारत नाही, कुठे उतरला तेवढेच विचारतात.

आता शब्दविचार, तो थोडक्यात. आमच्या पिढीने घन, द्रव, वायू असे पाठ केले. हल्लीच्या पाठ्यपुस्तकात स्थायू आला. काही जणांना हा शब्द रुचत नाही; मला पटतो. घन म्हणजे तीनदा गुणलेली संख्याही, आणि घन म्हणजे ढगही. जो शब्द आकाशात तरंगतो त्याच्याकडून दगडाचे वर्णन करून घेणे बरे नाही. शिवाय ‘स्थायू’मध्ये एक आश्वासन आहे, हा पदार्थ आहे तिथेच राहील असे. कॅल्शिअम ब्रोमाइडने ते आश्वासन पाळले का, एवढाच या ग्रंथाचा प्रश्न आहे.

‘कक्ष तापमान’ या जोडशब्दात तापमानावर सगळे बोलतात, कक्षावर कोणी बोलत नाही. कोणाचा कक्ष? किती खिडक्यांचा? वर स्लॅब आहे की पत्रा? सगळी खोच इथेच आहे, म्हणून इथे जरा बैठक मारतो.

इंग्रजांचा अधिकृत वार ६२ अंश फॅरनहाइटला मोजायचा असे कायदा सांगे. म्हणजे सुमारे १७ अंश सेल्सिअस. एवढ्या थंडीत आमच्याकडे माणसे कानटोपी घालून शेकोटीभोवती बसतात, कापड मोजायला दुकानात जात नाहीत. पुढे १९३१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लांबी मोजण्यासाठी २० अंश सेल्सिअस ठरवले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मानक संस्था निघाली तेव्हा तिने १९५१ मध्ये पहिल्या क्रमांकाचे मानक काढले ते याच २० अंशांचे. साऱ्या जगाच्या बोल्टांचा, नळांचा आणि कागदांचा आकार ठरवायला बसलेल्या माणसांनी श्रीगणेशा केला तो खोली किती गरम असावी या मुद्द्यापासून. क्षुल्लक विषयांचा अभ्यास करणाऱ्याला याहून मोठा धीर कोण देणार? रसायनशास्त्रज्ञांनी आपले कोष्टक २५ अंशांवर लावले. आणि आपल्या भारतीय मानकाने, देशाची हवा ओळखून, चाचणीच्या खोलीसाठी २७ अंश धरले. सिमेंटची ताकद तपासायची तर ती २७ अंशांना, दोन इकडे दोन तिकडे. इंग्रजांच्या १७ पासून आपल्या २७ पर्यंत कक्ष दहा अंशांनी तापला, आणि उत्तरतालिकेत त्याचा उल्लेखही नाही.

२० अंशांचा कक्ष आमच्या शहरात नाही असे नव्हे. वाळूजला आणि चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मोजमापाची खोली असते. बाहेर शेडमध्ये माणसे घामाने निथळत असतात आणि काचेआड ती खोली बारा महिने २० अंशांवर असते, कारण लोखंड उन्हाने फुगते आणि मायक्रॉनचा हिशेब चुकतो. तिथे नोकरीला असलेला माझा एक शेजारी जेवणाच्या सुट्टीत काहीतरी निमित्त काढून मायक्रोमीटर घेऊन आत जात असे. आंतरराष्ट्रीय मानकाचा लाभ सामान्य माणसाला झाल्याचे माझ्या पाहण्यातले हे एकमेव उदाहरण.

पण कॅल्शिअम ब्रोमाइडवरचा प्रश्न वाळूजच्या काचेआड विचारला गेला नव्हता. तो अभ्यासिकेत विचारला गेला, आणि अभ्यासिकेला दोन हॉल आहेत : एसी आणि नॉन-एसी. एसीची फी जास्त. मधे प्लायवूडची भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला रिमोटवर चोवीस दिसते. दुसऱ्या बाजूला भाचा बसतो. वर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोलचे छत, कोपऱ्यात एक कूलर, आणि कूलरसमोरची जागा धरण्यासाठी मुले पहाटे पाचला येऊन खुर्चीवर चक्क पंचायत राजवरचे पुस्तक ठेवून जातात. पेपर झाला त्या दुपारी मी घरचा भिंतीवरचा तापमापक पिशवीत घालून तिथे गेलो होतो. दहा मिनिटे खिडकीशी उभा राहिलो. पारा ३९ वर थांबला. ३९ हा आकडा वाचकांनी जपून ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

जलविचार. पूर्वपक्षाने ज्या कॅल्शिअम ब्रोमाइडचा सातशे अंशांचा द्रवणांक सांगितला ते निर्जल आहे, म्हणजे ओलावा पुरता काढून टाकलेले. हा पदार्थ निर्जल राहायला मुळीच राजी नसतो. हवेत थोडा दमटपणा असला की तो पाणी ओढतो, आधी ओलसर होतो, मग स्वतःच ओढलेल्या पाण्यात स्वतः विरघळून जातो. त्याचा धाकटा भाऊ कॅल्शिअम क्लोराइड हेच करतो, आणि त्याचे प्रात्यक्षिक आमच्या घरात झाले आहे.

झाले असे की दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही कपाटातला कुबट वास घालवण्यासाठी एक प्लॅस्टिकचा डबा आणला. वर जाळी, जाळीत पांढरे खडे, खाली रिकामी जागा. डब्यावर सूचना : आडवा करू नये. खडे म्हणजे कॅल्शिअम क्लोराइड. आषाढात खडे होते. श्रावणात त्यांची साबुदाण्याच्या खिचडीसारखी अवस्था झाली. पोळ्याला जाळी रिकामी आणि खाली पाऊण डबा पाणी. कोणी डब्यात पाण्याचा थेंबही टाकला नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी गौरींसाठी पैठणी काढायला कपाट उघडले आणि मी मदतीला म्हणून पुढे झालो. डबा आडवा झाला. पुढच्या तपशिलाची ग्रंथाला गरज नाही. एवढेच नोंदवतो की त्या दिवशी मी घरात ‘कक्ष तापमानाला हे स्थायू असते’ असे म्हटले असते, तर जेवण मिळाले नसते.

प्रतिपक्ष म्हणेल, हे द्रावण झाले, द्रव नव्हे; पाण्यात विरघळलेले मीठ म्हणजे वितळलेले मीठ नव्हे. आक्षेप बरोबर आहे. म्हणून आता मुख्य शस्त्र काढतो.

मोरचूद सगळ्यांनी पाहिले आहे. त्याचा निळेपणा त्याने पोटात धरून ठेवलेल्या पाण्यामुळे असतो, त्याला स्फटिकजल म्हणतात. मोरचूद तापवले की पाणी जाते आणि पांढरी भुकटी उरते. कॅल्शिअमची क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ही तिन्ही भावंडे असेच प्रत्येकी सहा रेणू पाणी पोटात घेऊन स्फटिक होतात. हे स्फटिक कोरडे दिसतात, बाटलीत खडखड वाजतात, आणि कोणताही परीक्षक त्यांना स्थायू म्हणेल. त्यांचे द्रवणांक मात्र सातशे अंश नाहीत. क्लोराइड ३० अंशांच्या जरा अलीकडे वितळते. ब्रोमाइड ३८ अंशांच्या आसपास. आयोडाइड ४२ अंशांना.

३०, ३८, ४२. हे आकडे मी पहिल्यांदा एका जुन्या रसायनकोशात पाहिले तेव्हा मला वाटले, कोणीतरी आमच्या शहराचे पंचांग छापले आहे. माघ सरता सरता दुपारचे तापमान ३० ओलांडते : महाशिवरात्रीला क्लोराइडचे पाणी होते. चैत्रात गुढी उतरवून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तो पारा ३८ ला टेकतो : हनुमान जयंतीला ब्रोमाइड गेले. वैशाखात, ज्या दुपारी गुलमंडीवर कुत्रेही रस्ता ओलांडत नाही, त्या दुपारी आयोडाइड. मृगाचा पाऊस आला की उलट क्रम, असे वाटेल; पण इथे आणखी एक मौज आहे. असे क्षार वितळल्यावर गोठायला खळखळ करतात. कॅल्शिअम क्लोराइड तर यासाठी प्रसिद्धच आहे. द्रवणांकाच्या खूप खाली उतरले तरी ते द्रवच राहते, आणि एखादा बारीकसा स्फटिक आत टाकला की मग ते भराभर गोठते. म्हणजे दिवसा वितळलेला पदार्थ रात्री गार झाल्यावरही सही करत नाही, कोणी आधी सही केलेला साक्षीदार लागतो. सरकारी कचेरीत ज्यांचे काम पडले आहे त्यांना हे वर्तन नवे वाटणार नाही.

तर, बंद बाटलीतले सहा पाण्यांचे कॅल्शिअम ब्रोमाइड त्या दुपारी नॉन-एसी हॉलमध्ये, ३९ अंशांत, भाच्याच्या टेबलावर ठेवले असते तर ते द्रव झाले असते. प्लायवूडच्या पलीकडे, त्याच क्षणी, तीच बाटली स्थायू. पर्याय एक आणि पर्याय दोन यांतला फरक महिन्याच्या फीएवढा आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रश्नात ‘सहा पाण्यांचे’ असे कुठे म्हटले आहे? म्हटलेले नाही. ‘निर्जल’ असेही म्हटलेले नाही. जिथे शास्त्र मौन धरते तिथे व्यवहार पाहावा, रूढी शास्त्राहून बलवान असते असे वचनच आहे. आणि व्यवहारात कॅल्शिअम ब्रोमाइडचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक तेलविहिरी खोदणारा आहे. त्याला विहिरीतला दाब तोलून धरायला जड द्रव लागतो. त्याच्यासाठी हा पदार्थ पाण्यात निम्म्याहून जास्त विरघळवून पिंपांतून विकतात, पाण्याच्या दीडपटीहून जड असा. म्हणजे बाजारात जाऊन ‘कॅल्शिअम ब्रोमाइड द्या’ म्हटले तर मोठा व्यापारी पिंपच दाखवील. मघाशी द्रावणाविरुद्धचा आक्षेप मी स्वतःच मान्य केला होता, आणि आता त्याच द्रावणाचा आधार घेतो आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. हरकतीत असे चालते.

कॅल्शिअमच्या बाबतीत तर आमच्या शहराला कोणी अवस्था शिकवाव्यात असे नाही. बोअरच्या पाण्याने आंघोळ करणारा प्रत्येक माणूस या विषयाचा जाणता आहे. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, तोटीला पांढरी दाढी, गिझरच्या कॉइलवर पापुद्रा, साबणाला फेस नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. या पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट असते आणि त्याचा स्वभाव विलक्षण आहे : ते फक्त पाण्यातच असते. कोरडे, हातात धरता येईल असे कॅल्शिअम बायकार्बोनेट बाटलीत भरून दाखवता येत नाही. पाणी आटवून ते पकडायला गेले की निम्मा कर्बवायू उडून जातो आणि हातात साधा कार्बोनेट, म्हणजे खडू, उरतो. कूलरच्या गवतावर उन्हाळाअखेर जी पांढरी साय जमते ती त्याचीच. ‘कॅल्शिअम बायकार्बोनेट कक्ष तापमानाला कोणत्या अवस्थेत असते?’ असा प्रश्न क्लासने काढून पाहावा. पहिले तिन्ही पर्याय चुकतील.

चुन्याचेही तेच. कळीचा चुना दगड असतो. त्यावर पाणी टाकले की तो फुसफुसतो, वाफा सोडतो, फुटतो आणि विरतो. विरलेला चुना पाण्याखाली ठेवला की लोण्यासारखा मऊ होतो. आता हा पानाचा चुना स्थायू की द्रव? उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरवर रात्री दहाला उभे राहून निरीक्षण करावे. डब्यात तो उभा राहतो, म्हणजे स्थायू. काडीने उचलला की उचलला जातो, तरीही स्थायू. पानावर ओढला की पसरतो, म्हणजे द्रव. काडी थांबली की तोही थांबतो. म्हणजे एका पानाच्या अवधीत त्याची अवस्था दोनदा बदलते, आणि पानवाल्याचा हात कक्ष तापमान विचारत नाही. जास्त झाला तर जीभ भाजते, कमी झाला तर पान रंगत नाही. अवस्थेपेक्षा मात्रा महत्त्वाची, असे त्या व्यवसायाचे मत दिसते.

या ठिकाणी बीबी का मकबऱ्याविषयी थोडे बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. विषयांतर आहे, पण मकबरा आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ १६६० च्या सुमारास तो उभा राहिला. अताउल्ला हा वास्तुविशारद आणि हंसपत राय हा अभियंता, ही नावे दरवाज्यावर कोरलेली आहेत. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगतात. सात आणे नोंदवणारा तो हिशेबनीस कोण होता कोण जाणे. सव्वा गुणासाठी ग्रंथ लिहिणाऱ्याला तो आपल्याच गोत्रातला वाटतो. संगमरवर दूरवरून आणावा लागे. फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेल्या तीनेकशे गाड्या पाहिल्या, लहानात लहान गाडीलाही बारा बैल. म्हणून मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, आणि मधल्या भागात काळा दगड आणि त्यावर पांढरा चुन्याचा गिलावा. एवढ्यावरून लोक साडेतीनशे वर्षे त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणत आले.

रसायनशास्त्र या निंदेत सामील होत नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. चुन्याचा गिलावा लावताना कॅल्शिअम हायड्रॉक्साइड असतो, पण तो हवेतला कर्बवायू घेत घेत हळूहळू कॅल्शिअम कार्बोनेट होतो. साडेतीनशे वर्षांत तो बहुतेक झालेला असणार. म्हणजे घुमटाचा श्रीमंत भाग आणि भिंतीचा गरीब भाग हे आज एकाच संयुगाचे आहेत. एकाला पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता मिळाली, दुसऱ्याला आमच्या शहराची हवा. आणि दुसऱ्याने तो प्रवास कक्ष तापमानालाच केला, हे उत्तरतालिका लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कॅल्शिअम कार्बोनेट स्थायू असते, हे मात्र मी बिनशर्त मान्य करतो. मकबरा एप्रिलमध्ये वितळल्याचे कोणी पाहिलेले नाही.

राहिला ब्रोमाइड. हा शब्द मी पहिल्यांदा वर्गात ऐकला नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत ऐकला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी काही वर्षे मुद्रितशोधक होतो. शिशाचे खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग आले होते. यंत्रातून मजकूर लांब पट्टीवर उमटून यायचा. कागदावर सिल्व्हर ब्रोमाइडचा थर असायचा म्हणून त्या पट्टीलाच सगळे ब्रोमाइड म्हणत. ‘ब्रोमाइड निघालं का?’, ‘ब्रोमाइड ओलं आहे, हात लावू नका’, ‘एक ओळ चुकली, नवं ब्रोमाइड काढावं लागेल’. पेस्टिंगवाला ब्लेडने एकेक अक्षर कापून चिमट्याने उचलून चिकटवायचा. एकदा ‘पाणीटंचाई’तला अनुस्वार त्याच्या बाहीला चिकटून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी शहरात पाणीटचाई होती. त्या कचेरीत ब्रोमाइडला दोनच अवस्था होत्या, ओली आणि वाळलेली, आणि या वर्गीकरणात कधी कोणाचे काही अडले नाही.

डार्करूममध्ये मात्र पुन्हा तो परका कक्ष आडवा यायचा. डेव्हलपर २० अंशांना वापरावा असे डब्यावर छापलेले. मे महिन्यात नळाचे पाणीच ३२ अंशांचे. मग फोटोग्राफर शहागंजातून बर्फाची लादी आणायचा, ती पोत्यात फोडायचा, आणि डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या मोठ्या ट्रेमध्ये बसवायचा. नाहीतर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून सुटायचा आणि पालकमंत्र्यांच्या चेहऱ्याला सुरकुत्या पडायच्या. त्याच डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशिअम ब्रोमाइड असायचे, फिल्मवर नको ते धुके येऊ नये म्हणून. याच क्षाराने १८५७ नंतर पुढची कित्येक वर्षे फेपऱ्याच्या रोग्यांनाही शांत ठेवले. जुन्या दवाखान्यांत कंपाउंडर काचेच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवून द्यायचा, एक खाच एक डोस. त्या मिश्रणांत ते असे. झोप आणणारे म्हणून त्याची एवढी ख्याती झाली की इंग्रजीत पुढे कंटाळवाण्या, गुळगुळीत बोलण्यालाच ब्रोमाइड म्हणू लागले. त्या अर्थाने ब्रोमाइड वायुरूप असते आणि सत्काराच्या सभांतून भरपूर निघते. म्हणजे तिसऱ्या पर्यायालाही अगदीच आधार नाही असे नाही. पण तो मुद्दा मी हरकतीतून वगळला, उगाच दुसऱ्या कोणाचे गुण वाढायला नकोत.

उत्तरतालिका काढणाऱ्यांनी चूक कबूल करण्यात कमीपणा मानू नये, यासाठी एक दाखला जोडला. ब्रोमीन शोधले बालार नावाच्या तरुणाने, १८२६ मध्ये, माँपेलिएच्या मिठागराच्या पाण्यातून. त्याआधी जर्मनीतल्या थोर लीबिखकडे असाच एक नमुना तपासायला आला होता. लीबिखने पाहिले, हे आयोडीनचे क्लोराइड असणार असे ठरवले, बाटलीवर तशी चिठ्ठी लावली आणि बाटली ठेवून दिली. बालारचे वृत्त आल्यावर त्याला कळले की एक नवे मूलद्रव्य आपल्या फडताळात बसून होते. त्याने ती बाटली फेकली नाही. चुकांचे एक वेगळे कपाट केले आणि त्यात ती ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. आमच्याही घरात असे एक कपाट आहे, पण त्यातली पैठणी सौभाग्यवती येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच दाखवतात.

अकरा पानांची पुरवणी स्टेपल करून मी स्वतः क्लासच्या कार्यालयात दिली. काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट केली, ‘काका, फॉर्म चार ओळींचाच आहे,’ म्हणाली, आणि तरी शिक्का मारला. कार्यालय गारेगार होते. भिंतीवरच्या यंत्रावर हिरव्या आकड्यांत २३ दिसत होते.

चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने तीन शब्द : ‘मूळ उत्तर कायम.’ पुरवणीच्या पहिल्या पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ होते, त्यावरून ती निदान टेबलावर ठेवली गेली होती असे मानायला जागा आहे.

पुढच्या महिन्यात भाच्याने प्लायवूडच्या पलीकडची जागा घेतली. फी मी भरली. आता तो बसतो तिथे कॅल्शिअम ब्रोमाइड स्थायू असते.